अदेर, एद्दो, वलाल: सोमाली स्त्री-पुरुषांना आदराने हाक कशी मारावी

हर्गेसाच्या एका रुग्णालयात परिचारिकांना शिकवण्यासाठी मी तीन वर्षे राहिले. जाण्यापूर्वी सोमाली भाषेची तयारी म्हणून ताप, उलटी, सूज, कळा, गोळी असे दोनेकशे शब्द पाठ केले होते. माणसांना हाक कशी मारायची, हे मात्र मी कोणालाच विचारले नव्हते, कारण तो विचारण्याचा विषय आहे असे मला वाटलेच नव्हते. पहिल्याच आठवड्यात प्रसूतिकक्षाबाहेर बसलेल्या एका साठीच्या बाईंना मी पुस्तकात वाचलेल्या ‘बाई’ या अर्थाच्या शब्दाने बोलावले. त्या उठल्या नाहीत. त्यांच्याबरोबरची मुलगी माझ्याकडे नुसती पाहत राहिली. शेवटी माझी एक विद्यार्थिनी घाईने पुढे झाली आणि ‘एद्दो, फद्लन’ म्हणजे ‘आत्या, कृपा करून’ असे म्हणत तिने त्यांना हाताला धरून उठवले. माझा शब्द कोणता होता आणि तो का चुकला, ते पाचव्या पायरीत सांगते.

शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, हिशेबनीस किंवा अभियंता म्हणून सोमाली मुलखात निघालेल्या मराठी माणसांसाठी हा लेख लिहीत आहे. इकडे शिकायला किंवा उपचारांसाठी आलेल्या सोमाली लोकांशी ज्यांचा संबंध येतो, त्यांनाही तो उपयोगी पडेल. माझा अनुभव हर्गेसातला, म्हणजे सोमालियापासून स्वतःला स्वतंत्र म्हणवणाऱ्या सोमालीलँडच्या राजधानीतला, उत्तरेकडचा आहे. दक्षिणेत, सोमालियाची राजधानी मोगादिशूकडे, काही शब्द बदलतात. त्यातला जो फरक मला ठाऊक आहे तो त्या त्या ठिकाणी नोंदवला आहे.

निघण्यापूर्वी जवळ काय असावे

- एक छोटी वही. तिच्यात ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ असे दोन रकाने आखा आणि आजी-आजोबांच्या वयाचे, आईवडिलांच्या वयाचे, बरोबरीचे आणि लहान अशा चार ओळी करा. या आठ चौकटी भरल्या की निम्मे काम झाले.
- ज्यांच्याबरोबर काम करायचे आहे त्यांच्या नावांची यादी, त्यांनी स्वतः लिहिलेल्या अक्षरांत.
- शब्द ऐकून ऐकून घटवण्यासाठी सोमाली माणसाच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे. नुसत्या वाचनाने हे काम होत नाही. कारण तिसऱ्या पायरीत कळेल.
- विचारायला दोन जाणकार, एक स्त्री आणि एक पुरुष. बायकांत काय चालते हे पुरुष सहकाऱ्याला नेमके सांगता येत नाही, आणि उलटही तसेच.
- स्त्रियांसाठी डोके आणि खांदे झाकेल अशी मोठी ओढणी. तिथल्या बायका ‘गरबसार’ नावाची मोठी शाल घेतात. तीच बाजारात विकत घेतली तर उत्तम.

१. ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ शोधत बसू नका

मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात असतो. ‘तू ये’, ‘तुम्ही या’ आणि ‘आपण यावे’ या तीन वाक्यांत समोरच्या माणसाचे स्थान स्पष्ट होते. सोमालीच्या रोजच्या बोलण्यात एका माणसासाठी ‘अदिगा’ हे एकच सर्वनाम आहे. शेंबड्या पोरालाही अदिगा आणि मंत्र्यालाही अदिगा. ‘इदिनका’ म्हणजे ‘तुम्ही’, पण ते खरोखरच्या अनेकांसाठी वापरतात.

मराठी माणूस इथे हमखास फसतो, कारण एकेरी बोलताना आपली जीभ अडखळते. मीही वडीलधाऱ्या डॉक्टरांबद्दल बोलताना ‘ते आले’ याच्या चालीवर ‘वय यिमादेन’ असे अनेकवचन वापरत असे. त्यावर विद्यार्थिनी दाराकडे पाहत आणि आणखी कोण कोण आले म्हणून विचारत. एकटा पुरुष आला तर ‘वू यिमिद’ आणि एकटी स्त्री आली तर ‘वय तिमिद’ एवढेच म्हणायचे. त्यात कोणाचाही अपमान होत नाही.

लिंगाच्या बाबतीतही भाषेची रचना आपल्याहून निराळी आहे. मराठीत ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ हे वेगळे, ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ हेही वेगळे. सोमालीत समोरच्या व्यक्तीला, ती स्त्री असो की पुरुष, ‘वाद तिमिद’ असेच म्हणतात. बोलणारा स्वतःबद्दल बोलतो तेव्हाही स्त्री-पुरुष भेद नाही. भेद येतो तो ‘तो’ आणि ‘ती’ यांत, म्हणजे ‘इसगा’ आणि ‘इयदा’ यांत, आणि त्याहून जास्त येतो तो हाकेच्या शब्दात. सर्वनामाने जो आदर दाखवला जात नाही तो सगळा या हाकेच्या शब्दावर येऊन पडतो. म्हणूनच तो शब्द गाळून नुसते ‘फडीसो’, म्हणजे ‘बस’, असे म्हटले की ते कोरडे आणि हुकमी वाटते. ‘अदेर, फद्लन फडीसो’ असे म्हटले की त्याच क्रियापदाचे ‘काका, कृपा करून बसा’ होते.

२. चार खण आपल्याकडे तयार आहेत, तेच वापरा

इंग्रजीतून सोमाली शिकणाऱ्यांना जे महिनोन्महिने जड जाते ते मराठी माणसाला एका संध्याकाळी येते. काका, मामा, आत्या आणि मावशी ही चार नाती आपण वेगळी धरतो, आणि सोमाली लोकही तशीच धरतात. वडिलांचा भाऊ ‘अदेर’, आईचा भाऊ ‘अब्ती’, वडिलांची बहीण ‘एद्दो’ आणि आईची बहीण ‘हबरयर’. आजोबा ‘अवोवे’, आजी ‘अयेयो’. वडील ‘आब्बे’ किंवा ‘आबो’, आई ‘होयो’.

आपण भाजीवाल्या बाईंना ‘मावशी’ आणि रिक्षावाल्यांना ‘काका’ म्हणतो, तसेच हे शब्द रक्ताच्या नात्याबाहेरही चालतात. आईवडिलांच्या वयाच्या अनोळखी पुरुषाला ‘अदेर’ म्हणा. त्याच वयाच्या स्त्रीला ‘एद्दो’ किंवा ‘हबरयर’ म्हणा. मी रुग्णालयात बहुधा ‘एद्दो’च म्हणत असे, कारण माझ्या आजूबाजूला तोच शब्द जास्त ऐकू येई. हबरयर या शब्दाचा अर्थ जवळजवळ ‘धाकटी आई’ असा होतो, आणि ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना त्यातला ओलावा समजावून सांगावा लागत नाही.

वयाचा अंदाज चुकण्याचा धोका मात्र आहे. अयेयो आणि अवोवे हे शब्द खरोखर म्हाताऱ्या माणसांसाठीच ठेवा. पन्नाशीच्या स्त्रीला ‘अयेयो’ म्हटले तर ती हसून सोडून देईल, पण मनातून नाराज होईल. शंका असेल तेव्हा एक पायरी खालचा शब्द निवडावा, म्हणजे आजीऐवजी आत्या आणि आत्याऐवजी बहीण.

३. बरोबरीच्यांसाठी ‘वलाल’

‘वलाल’ म्हणजे भावंड. मूळ शब्द भाऊ आणि बहीण दोघांनाही चालतो आणि अनोळखी स्त्री-पुरुषांमध्ये सगळ्यात निर्धोक हाक हीच आहे. दुकानदाराला, टॅक्सीवाल्याला, बँकेतल्या बाईंना, निरोपाच्या पहिल्या ओळीत, सगळीकडे वलाल चालते. पुरुषाने परक्या स्त्रीला ‘वलाल’ म्हटले की आपण तिच्याशी कोणत्या भावनेने बोलत आहोत हे तो पहिल्याच शब्दात सांगून टाकतो, आणि स्त्रीने पुरुषाला म्हटले तरी तेच होते. सभेत सगळ्यांना मिळून ‘वलालयाल’ म्हणतात.

‘माझा’ किंवा ‘माझी’ लावले की लिंग उघड होते. ‘वलालकय’ म्हणजे माझा भाऊ आणि ‘वलाशय’ म्हणजे माझी बहीण. मोठ्या भावाला प्रेमादराने ‘अब्बोवे’ आणि मोठ्या बहिणीला ‘अब्बायो’ म्हणतात, म्हणजे आपले दादा आणि ताई. दक्षिणेत अब्बायो ही बरोबरीच्या कोणत्याही स्त्रीसाठी सर्रास ऐकू येणारी हाक आहे.

मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी उत्तरेत ‘इनन’ हा एक शब्द आहे. तो लिहिताना दोघांसाठी सारखाच दिसतो. आवाज पहिल्या अक्षरावर चढला तर मुलगा आणि शेवटच्या अक्षरावर चढला तर मुलगी. बाळंतिणीच्या नातेवाइकांना बातमी सांगताना मी एकदा हा चढ चुकवला आणि मुलगी झालेली असताना मुलगा झाल्याचे सांगितले. घरच्यांनी रागावण्याऐवजी बाळ पाहून आनंद मानला, तरी त्या दिवसापासून मी बाळाच्या बाबतीत ‘गबड’, म्हणजे मुलगी, आणि ‘वील’, म्हणजे मुलगा, हे स्वतंत्र शब्दच वापरू लागले. दक्षिणेत गबडऐवजी ‘गबर’ म्हणतात. तुमचा कान तयार होईपर्यंत तुम्हीही हेच शब्द वापरावेत.

आणखी दोन शब्द तुमच्या कानांवर पडतील. समवयस्क पुरुष एकमेकांना ‘इना अदेर’ म्हणजे चुलतभाऊ म्हणतात. त्यामागे वंशाचे, कुळीचे नाते असू शकते, म्हणून बाहेरच्याने हा शब्द वापरू नये आणि कोणाचे कूळ तर मुळीच विचारू नये. दुसरा शब्द ‘जाल्ले’, म्हणजे साथी. १९६९ मध्ये सियाद बर्रे यांच्या लष्करी राजवटीने सत्ता घेतल्यावर कुळीची ओळख पुसण्यासाठी ‘इना अदेर’च्या जागी स्त्री-पुरुष सगळ्यांना ‘जाल्ले’ म्हणावे असा आग्रह धरला. ती राजवट १९९१ मध्ये कोसळली. जुन्या पुस्तकांत हा शब्द सभ्य संबोधन म्हणून सापडतो, पण १९८८ मध्ये त्याच राजवटीने हर्गेसावर बॉम्ब टाकले होते, आणि ज्यांची घरे त्यात गेली त्यांच्यासमोर तो शब्द उच्चारू नये असे मला मनापासून वाटते.

४. उलटी हाक ऐकून गोंधळू नका

मी गेले तेव्हा चौतीस वर्षांची होते. एका आजींच्या हाताला सलाईन लावत असताना त्या माझ्या गालावरून हात फिरवून ‘अयेयो, अयेयो’ म्हणत होत्या. मला वाटले त्यांना भ्रम झाला आहे, आणि मी कागदावर तशी नोंदही करणार होते. माझ्या विद्यार्थिनीने मला थांबवले.

सोमाली घरात वडील माणूस स्वतःच्या नात्याचा शब्द धाकट्यालाच परत देतो. आई मुलाला ‘होयो’ म्हणते, वडील मुलीला ‘आबो’ म्हणतात, काका पुतण्याला ‘अदेर’ म्हणतो आणि आजी नातीला ‘अयेयो’ म्हणते. म्हणजे ‘मी तुझी आजी आहे, त्या नात्याने तुला बोलावते’ असा त्याचा भाव. हाकेतला शब्द ऐकणाऱ्याचे लिंग सांगत नाही, बोलणाऱ्याचे सांगतो. काकाने पुतणीला ‘अदेर’ म्हटले तरी ती स्त्रीच आहे, आणि आईने मुलाला ‘होयो’ म्हटले तरी तो मुलगाच आहे. रस्त्यावर एखादी बाई कडेवरच्या पोराला ‘आई, आई’ अशा अर्थाची हाक मारत असेल तर काहीही चुकलेले नसते.

एखाद्या वृद्धाने तुम्हाला ‘अदेर’ म्हटले तर तुम्ही त्यांना उत्तरात ‘अदेर’च म्हणायचे. शब्द दोन्ही बाजूंनी एकच राहतो. आपण हे समजून उत्तर दिले की समोरचा चेहरा लगेच मोकळा होतो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे.

५. टाळायचे शब्द वेगळे लिहून ठेवा

मी त्या बाईंना ‘नाग’ म्हटले होते. सोमालीत नाग म्हणजे स्त्री. शब्दकोशात हा अर्थ बरोबर आहे आणि व्याकरणाच्या पुस्तकांतही उदाहरण म्हणून तोच शब्द येतो. पण कोणाला तोंडावर नाग म्हणणे म्हणजे मराठीत भर रस्त्यात ‘ए बये’ म्हणण्यासारखे आहे. एखाद्या स्त्रीविषयी बोलायचे असेल तर ‘हवेनय’ म्हणा आणि स्त्रियांविषयी एकत्रित बोलायचे असेल तर ‘दुमर’ किंवा ‘हवेन’ म्हणा.

‘हबर’ म्हणजे म्हातारी. हबरयरमध्ये तो प्रेमळ असला तरी एकटा वापरला की तो तुच्छतेचा होतो. ‘इस्लान’ म्हणजेही वयस्क बाई. हा शब्द तिच्याविषयी बोलताना चालतो, तिला हाक मारताना नाही. पूर्वेकडच्या पुंटलँडमध्ये ‘इस्लान’ ही कुळाच्या पारंपरिक प्रमुखाची पदवीही आहे, आणि तो प्रमुख पुरुष असतो. बातमीत नावाआधी इस्लान दिसले की लगेच म्हातारी बाई समजू नका.

‘वर्या’ ही पुरुषाला आणि ‘नाया’ ही स्त्रीला मारायची ‘अरे’ आणि ‘अगं’ यांच्या जातीची हाक आहे. मित्र, भावंडे, आईमुले यांच्यात ती दिवसभर चालते आणि तिच्यात गोडवाही असतो. पण परक्या पुरुषाने स्त्रीला ‘नाया’ म्हणणे, किंवा कोणीही वडीलधाऱ्या पुरुषाला ‘वर्या’ म्हणणे, उद्धटपणाचे आहे. बाजारात हा शब्द इतका कानांवर पडतो की नवखा माणूस आठवडाभरात तोच उचलतो. माझ्याबरोबरच्या एका भारतीय तंत्रज्ञाने रखवालदाराला असेच ‘वर्या’ म्हणायला सुरुवात केली. रखवालदार त्याच्या वडिलांच्या वयाचा होता. महिनाभर तो या तंत्रज्ञाशी एक शब्दही जास्त बोलला नाही, आणि कारण विचारल्यावर शांतपणे म्हणाला की माझ्या मुलानेही मला असे कधी बोलावले नाही.

‘मआने’ आणि ‘मआन्तो’, म्हणजे पुरुषाला आणि स्त्रीला उद्देशून ‘गोड माणसा’, हे लाडाचे शब्द गाण्यांतून पटकन पाठ होतात. परक्या स्त्री-पुरुषांत त्यांना जागा नाही.

६. नाव लिहिताना मराठी सवय बाजूला ठेवा

हे कलम सर्वांत महत्त्वाचे मानते, कारण इथे झालेली चूक कागदावर राहते.

सोमाली माणसाला आडनाव नसते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, अशी तीन नावे ओळीने येतात. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईचे मधले नाव नवऱ्याचे असते, म्हणून मराठी डोळा सोमाली स्त्रीच्या मधल्या नावाला तिचा नवरा समजतो. सोमाली स्त्री लग्नानंतर नाव बदलत नाही. मधले नाव तिच्या वडिलांचेच राहते, मग तिला नातवंडे झाली तरी.

सर्वांना माहीत असलेले उदाहरण देते. हर्गेसात २००२ मध्ये प्रसूती रुग्णालय सुरू करणाऱ्या आणि पुढे सोमालीलँडच्या परराष्ट्रमंत्री झालेल्या एडना आदान इस्माइल यांच्या नावातले आदान हे त्यांचे वडील, जे स्वतः वैद्यकीय क्षेत्रात होते, आणि इस्माइल हे आजोबा. त्यांचा विवाह सोमालियाचे पंतप्रधान आणि नंतर सोमालीलँडचे अध्यक्ष झालेल्या मोहम्मद इब्राहिम इगाल यांच्याशी झाला होता, पण इगाल हे नाव त्यांच्या नावात कुठेच नाही.

मी एका रुग्ण स्त्रीच्या संमतिपत्रावर तिचे मधले नाव नवऱ्याच्या रकान्यात लिहिले आणि बाहेर येऊन त्या नावाने पुकारा केला. कोणी आले नाही. तिची बहीण आत येऊन हळूच म्हणाली की ते आमचे वडील आहेत, ते वारले, आणि तिचा नवरा समोरच उभा आहे. त्या दिवशी मी ते संमतिपत्र फाडून नवे लिहिले. तेव्हापासून ‘वडील’, ‘आजोबा’, ‘आई’ आणि ‘नवरा’ असे चार वेगळे रकाने आखून घेण्याची सवय मी स्वतःला आणि विद्यार्थिनींना लावली.

यावरून हाकेचा नियमही निघतो. शेवटचे नाव घेऊन ‘मिस्टर अमुक’ म्हणणे म्हणजे त्याच्या आजोबांना हाक मारणे होय. हाक नेहमी पहिल्या नावाने मारावी आणि त्याच्या आधी नात्याचा किंवा पदाचा शब्द लावावा: ‘अदेर अहमेद’, ‘एद्दो फादुमो’. वडीलधाऱ्यांना शक्यतो नुसत्या नावाने बोलावू नये.

वाचण्याची एक अडचण इथेच सांगते. १९७२ पासून सोमाली भाषा रोमन लिपीत लिहिली जाते, आणि तिच्यात ‘सी’ हे अक्षर घशातून येणाऱ्या ‘अ’साठी आणि ‘एक्स’ हे घशातल्या ‘ह’साठी वापरतात. म्हणजे ‘सी’ने सुरू होणारा अली हा अलीच असतो आणि ‘एक्स’ने सुरू होणारी हलीमो ही हलीमोच असते. बाह्यरुग्ण विभागात ‘कॅली’ असा पुकारा केला तर अली बसून राहील आणि त्याचा नंबर जाईल.

टोपणनावे, ज्यांना ‘नानय्स’ म्हणतात, सर्रास असतात आणि ती मोठ्या पदावरच्या माणसांनाही चिकटलेली असतात. २०१७ ते २०२२ या काळात सोमालियाचे अध्यक्ष असलेले मोहम्मद अब्दुल्लाही यांना सगळे जग ‘फर्माजो’ म्हणून ओळखते. तो इटालियन भाषेतला चीजचा शब्द आहे. उंच माणसाला ‘डेरे’, सावळ्या माणसाला ‘मदोबे’ अशी शरीरावरून पडलेली नावेही चालतात. ज्याचे त्याने स्वतः सांगितल्याशिवाय अशा नावाने हाक मारू नका, आणि स्त्रीच्या बाबतीत तर घरातल्या नावाची चौकशीही करू नका.

७. हाकेची शेपटी आणि पदे

दुरून हाक मारताना नावाला शेपूट जोडतात. पुरुषाच्या नावाला ‘ओव’: अहमेदोव. स्त्रीच्या नावाला ‘एय’ किंवा नावाच्या शेवटच्या स्वराप्रमाणे ‘आय’: मर्यमेय, साहराय. ‘रामा’, ‘सीते’ असे आपले संबोधन होते तोच हा प्रकार आहे, आणि तो मित्रमैत्रिणींत व धाकट्यांसाठीच वापरावा.

पदांमध्येही स्त्री-पुरुष रूपे वेगळी असतात. शिक्षक ‘मअल्लिन’, शिक्षिका ‘मअल्लिमद’. विद्यार्थी ‘अर्दय’, विद्यार्थिनी ‘अर्दयद’. हज केलेला पुरुष ‘हाजी’, स्त्री ‘हाजियद’. अस्सल सोमाली शब्दांत शेवट बदलतो: परिचारक ‘कल्कालिये’, परिचारिका ‘कल्कालिसो’. औपचारिक पत्रात किंवा व्यासपीठावर पुरुषाला ‘मुदने’ आणि स्त्रीला ‘मर्वो’ लावतात. कार्यालयीन पत्राची सुरुवात करताना हेच दोन शब्द घ्यावेत.

८. दुसऱ्याच्या नवऱ्याबायकोबद्दल बोलताना

आपल्याकडे मागच्या पिढीतले पुरुष बायकोला ‘आमचे कुटुंब’ म्हणत. सोमाली पुरुष अगदी तसेच ‘हास’ म्हणतो, ज्याचा अर्थ कुटुंबही होतो आणि पत्नीही. किंवा ‘रेर’ म्हणतो, म्हणजे घर, घरची माणसे. पुरुष सहकाऱ्याच्या घरची विचारपूस करताना ‘रेरका का वर्रन’, म्हणजे ‘घरचे कसे आहेत’, असे विचारा. पुरुषाने दुसऱ्या पुरुषाच्या पत्नीची नाव घेऊन चौकशी करणे टाळावे. मी स्त्री असल्याने मला ते नाव मोकळेपणाने घेता येत असे, तरीही पहिल्या भेटीत मी ‘रेर’ हाच शब्द वापरत असे.

नवऱ्याबद्दल बोलताना बायका ‘ओदयगी’ असे म्हणताना ऐकाल. ओदय म्हणजे वडीलधारा पुरुष, आणि त्याचाच हा ‘आमचे म्हातारे’ असा घरगुती उपयोग. तो तिने करायचा असतो, तुम्ही नाही.

९. हात, अंतर आणि नजर

पुरुष पुरुषांशी आणि स्त्रिया स्त्रियांशी भरपूर हस्तांदोलन करतात, हात बराच वेळ हातात धरून ठेवतात आणि ‘मा नबद बा’, म्हणजे ‘सगळे शांत आहे ना’, ‘इस्का वर्रन’, म्हणजे ‘तुझी खबर सांग’, असे एकामागून एक विचारत राहतात. या विचारपुशीला वेळ द्या. मुद्द्यावर लगेच येणारा माणूस रागावलेला वाटतो.

नात्यात नसलेल्या स्त्री-पुरुषांत मात्र बहुधा हस्तांदोलन होत नाही. पुरुषाने स्त्रीपुढे आपणहून हात करू नये. उजवा हात छातीवर ठेवून, किंचित मान लववून ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणावे. स्त्रीने हात पुढे केला तर तो घ्यावा, कारण तो निर्णय तिचा असतो. मराठी स्त्रीने पुरुष सहकाऱ्याला पाहून नमस्कार करावा तसाच हात छातीवर ठेवावा. कोणी नजर खाली ठेवून बोलला किंवा आपला हात मागे घेतला तर ते तुटकपणाचे लक्षण समजू नका. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी पहिले सहा महिने माझ्याकडे न पाहता प्रश्न विचारत असे, आणि रात्रपाळीला गाडी आली नाही तेव्हा तोच विद्यार्थी फाटकापाशी, माझ्यापासून दहा पावलांवर, गाडी येईपर्यंत उभा राहिला.

१०. शब्द चुकला तर

‘रालि अहोव’, म्हणजे ‘राग मानू नका’, असे म्हणा आणि लगेच योग्य नात्याचा शब्द जोडा: ‘रालि अहोव, एद्दो’. लांबलचक खुलासा करत बसू नका. खुलाशात जुना शब्द पुन्हा उच्चारला जातो आणि तोच पुन्हा लागतो. त्यानंतर थोडे थांबा. वडील माणूस तुमचाच शब्द तुम्हाला परत देऊन ‘एद्दो’ म्हणाला की ते प्रकरण तिथेच मिटले असे समजून पुढचे काम सुरू करावे, आणि त्या रात्री वहीतल्या चौकटीत त्या माणसाच्या नावासमोर तो शब्द लिहून ठेवावा.